लोखंडवाल्या खैरुद्दीनची स्वतंत्र जमात

दुबईच्या अल कुसैसमध्ये बर्फाच्या कारखान्याला लागून खैरुद्दीनचं वर्कशॉप होतं. भिंतीच्या पलीकडे पाणी गोठत असायचं, अलीकडे लोखंड वितळत असायचं, आणि खैरुद्दीन त्या भिंतीला पाठ लावून दुपारचं जेवायचा. भर जुलैतही ती भिंत गार असे. बायकोपेक्षा त्या भिंतीशी आपलं जास्त बोलणं झालं असेल, असं त्याला कधीकधी वाटायचं.

तो आला होता वेल्डर म्हणून, दुसऱ्याच्या यार्डात. कुवेतच्या लढाईच्या वर्षी लोक सामान बांधून मायदेशी पळत होते. तेव्हा पळणाऱ्या एका पंजाब्याची यंत्रं घेऊन त्याने स्वतःचं शटर उघडलं. जिने, जाळ्या, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असं सगळं तो करायचा, पण जीव दारांत. कुणाच्या व्हिलात गेला की झुंबराकडे, सोफ्याकडे त्याची नजर जायची नाही. फाटक एकदा उघडून मिटून पाहायचा, कान देऊन ऐकायचा, आणि घराबद्दल जे काय मत व्हायचं ते तिथेच व्हायचं. लाकूड फुगतं, सिमेंट आतून पोकळ राहतं. लोखंड जिथे कच्चं आहे तिथे वाकून दाखवतं, असं तो म्हणायचा. माणसांबद्दल तो काही म्हणत नसे.

शहाण्णव साली, माफीच्या वर्षी, बिनकागदाचे कामगार गठ्ठ्यांनी परत जात होते आणि सगळी ऑफिसं तुंबली होती. खैरुद्दीनचा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणासाठी आत अडकला होता. त्याच आठवड्यात गावाहून फोन आला की मैमुनाबी, त्याची आई, गेली. गाव रत्नागिरीतलं, खाडीकाठचं कांदळकोंड. कांदळकोंडला मय्यत दुपारपर्यंत ठेवत नाहीत. पासपोर्ट हातात असता तरी तो पोचला नसता. हे त्याला सगळ्यांनी समजावून सांगितलं आणि त्याला ते समजलंही. त्या दिवशी तो घरी बसला नाही. एका व्हिलाचं फाटक द्यायचं होतं, ते त्याने पुरं केलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची बायको नूरजहाँ मुलांना, झाराला आणि अर्शला, घेऊन गावी जाऊन आली. बॅगा उघडण्याआधीच त्याने विचारलं, अम्माच्या कबरीकडे गेली होतीस का. बायका कबरस्तानात जात नाहीत. तिने कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेरून फातिहा पढली होती. गडग्याला दाराची जागा होती, दार नव्हतं. आत एका कबरीवर बकरी रवंथ करत बसली होती.

"कुणाच्या कबरीवर?"

"मला काय ठाऊक? मी आत गेले होते होय?"

"बकरी कुणाची?"

"आता बकरीचं नाव सांगू का?" नूरजहाँ म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून ती उठली आणि चहा करायला गेली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने गार भिंतीला पाठ लावून ठरवलं की कबरस्तानाला दार आपण करायचं, आणि ते लागेपर्यंत गावात पाय टाकायचा नाही. रिकाम्या हाताने आईसमोर जायचं कसं? हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुढचं रामायण झालं नसतं.

कांदळकोंडचा कारभार गावची जमात पाहायची. मशीद, कबरस्तान, लग्नाच्या देगा, सतरंज्या, मांडवाचे बांबू, भाऊबंदकीची भांडणं, सगळं तिच्याकडे. जिथे जिथे गावचे पुरुष पोटापाण्याला गेले, तिथे तिथे तिच्या लेकी: मुंबई जमात, कुवेत जमात, दुबई जमात. लेकींनी पाठवायचं, आईने ठरवायचं, अशी रीत होती. मत आईला होतं. चेअरमन इसहाकचाचा वीस वर्षं चेअरमन होते आणि फोनवर ते उभं राहून बोलत.

खैरुद्दीनने त्यांना कळवलं की दार मी करून पाठवतो.

"दार नको, खैरू," इसहाकचाचा म्हणाले. "दाराचे पैसे पाठव."

"चाचा, मी दारंच करतो. तो माझा धंदा आहे."

"तेच सांगतोय. तू केलंस तर इथल्या करणाऱ्याने काय करायचं?"

इथला करणारा म्हणजे त्यांच्या बहिणीचा जावई, चिपळूणला वेल्डिंगचं दुकान असलेला. मशिदीच्या भोंग्याचा खांब त्याने बसवला होता, आणि तो खांब बसवल्या दिवसापासून खाडीकडे कलायला लागला होता.

"टीव्ही तयार आलेला चालतो. मिक्सर तयार आलेला चालतो. दार चालत नाही?"

"टीव्ही घरातला असतो. दार जमातीचं असतं." इसहाकचाचांनी थोडा विचार केला आणि सवलत दिली. "फार तर लोखंड पाठव. कच्चं. घडवायचं इथे."

दुबईला पोट भरायला गेलेल्या माणसाने दुबईहून चिपळूणला लोखंडाच्या पट्ट्या पाठवायच्या, म्हणजे तिथे त्या वाकड्या करता येतील. खैरुद्दीनने फोन ठेवला. बोलला तो शुक्रवारी. गावची पाचसहा माणसं नमाजनंतर त्याच्याकडे जेवायला होती, आणि कोळंबीच्या भातावरून हात उचलून तो म्हणाला, "पैसा आपला, दार त्यांचं. मग आपण कोण? टपालपेटी?"

जेवणाऱ्यांत जहूर होता. दुबईतल्या देऱ्याला एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटं कापायचा, कॉलेजात निवडणुका लढवून आलेला, आणि इथे लढवायला काही नसल्यामुळे सुकत चाललेला. अशा एका वाक्याची तो वर्षानुवर्षं वाट पाहत होता. संध्याकाळपर्यंत वाक्य शारजाला पोचलं, पुढच्या शुक्रवारी अबुधाबीला. अबुधाबीहून ते परत आलं तेव्हा खैरुद्दीनने भर सभेत गावच्या जमातीचा राजीनामा फाडला होता. राजीनामा फाडला म्हणजे दिला की घेतला नाही, हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. पण माणूस तापला आहे एवढं सगळ्यांना कळलं.

तो तापला नव्हता. त्याला बिजागऱ्या कुठल्या घालायच्या याचा विचार पडला होता.

सभा भरवायची तर पंचाईत होती, कारण परवानगीशिवाय माणसं जमवायला त्या देशात बंदी. यावर जहूरने तोड काढली. वाढदिवसाला कोण परवानगी विचारतो? शारजातल्या एका हॉटेलचा फॅमिली हॉल घेतला, चाळीस दिरहॅमचा, म्हणजे जवळजवळ पाचशे रुपयांचा केक आणला, फुगे लावले आणि अर्शचा आठवा वाढदिवस साजरा झाला. मेणबत्त्या विझल्यावर वेटर बाहेर गेला आणि गावच्या जमातीच्या निषेधाचा ठराव मांडण्यात आला. पुढच्या महिन्यात अर्श पुन्हा आठ वर्षांचा झाला. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

"बट आय वॉज एट लास्ट टाइम ऑल्सो," अर्श म्हणाला.

"केक खा," खैरुद्दीन म्हणाला.

झाराला हे अन्यायाचं वाटलं, कारण तिचा वाढदिवस एकदाही झाला नव्हता. मग कार्यकारिणीच्या बैठका तिच्या नावावर आणि सर्वसाधारण सभा अर्शच्या नावावर, अशी वाटणी करून तो प्रश्न मिटवण्यात आला. हॉटेलवाल्या मलबारी मालकाने एकदा खैरुद्दीनला बाजूला घेऊन हळूच विचारलं की बच्चा बीमार है क्या. ज्या मुलाचे वाढदिवस आईबाप इतक्या घाईने उरकतात, त्याच्यासाठी त्याने एकदा बिर्याणीचे पैसेच घेतले नाहीत.

तिसऱ्या आठव्या वाढदिवसाला दुबई जमात स्वतंत्र झाली. त्या वेळी खैरुद्दीन हॉलमध्ये नव्हता. कुणाच्या तरी गाडीआड त्याची पिकअप लागली होती, ती काढायला तो खाली गेला होता. वर आला तर सगळे उभे. त्याला वाटलं, कुणीतरी वारलं. मग जहूरने त्याच्या गळ्यात केकवरची सोनेरी झिरमिळी घातली आणि सांगितलं की तुम्ही सदर झालात, जमातीचे अध्यक्ष, एकमताने.

"मला न विचारता?"

"तुम्ही नव्हतात, म्हणून तर एकमत झालं," जहूर म्हणाला. तो हे कौतुकाने म्हणाला.

नको म्हणायचं तर कुणाला, हे खैरुद्दीनला सुचेना. शिवाय सदर झालो तर दाराचं काम लवकर होईल, असा एक विचार त्याच्या मनात आला. कांदळकोंडच्या राजकारणात यापेक्षा भोळा विचार आजवर कुणी केलेला नाही.

स्वतंत्र जमातीला घटना लागते. ती लिहिली सदानंदने. सदानंद खैरुद्दीनच्याच इमारतीत राहायचा, पुण्याचा, एका कंपनीत अकाउंट्स पाहायचा आणि खैरुद्दीनची कोटेशनं इंग्रजीत लिहून द्यायचा. जमात म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण कोथरूडला तो सहा वर्षं हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होता आणि पोटनियम त्याला पाठ होते. त्याने तेच घेतले. 'इमारत' होती तिथे 'गाव' घातलं, 'सभासद' होते तिथे 'जमातभाई', आणि 'बिल्डर' होता तिथे 'इसहाकभाई'. त्यामुळे दुबई जमातीच्या घटनेत असं आलं की इसहाकभाईंनी गाव ताब्यात दिल्यापासून वर्षभरात गळती आढळल्यास ती स्वखर्चाने दुरुस्त करणं त्यांच्यावर बंधनकारक राहील. हे कलम वाचल्यावर टाळ्या पडल्या. जहूर म्हणाला, इतकं परखड आजवर कुणी लिहिलेलं नाही.

मतं फुटली ती पार्किंगच्या कलमावर. कांदळकोंडला तेव्हा दोन रिक्षा आणि सरपंचाची जीप होती. पण अल कुसैसमध्ये गाडी लावायला जागा शोधता शोधता ज्यांची संध्याकाळ जायची, त्या लोकांना घटनेतलं नीट कळलेलं ते एकच कलम होतं. त्यावर तीन वाढदिवस गेले. शेवटी कबरस्तानासमोरची जागा पाहुण्यांच्या गाड्यांसाठी राखीव ठरली.

एवढ्यात दार तयार झालं होतं.

खैरुद्दीनने ते मधल्या वेळात केलं, गिऱ्हाईकांच्या कामांतून फटी काढून. दोन फळ्यांचं, छातीच्या वर येईल एवढं. चौकोनी सळ्या, खाली बकरीचं डोकं शिरणार नाही इतक्या जवळजवळ, वर गेल्यावर जरा मोकळ्या. नक्षी अशी नाहीच. फक्त मधल्या पट्टीवर त्याने कांदळाची पानं काढली होती, जाड, बोथट, खाडीच्या चिखलात उभी असतात तशी. जोड घासून घासून इतके गुळगुळीत केले की डोळे मिटून बोट फिरवलं तर लागू नयेत. लाल रंगाचा पहिला हात देऊन त्याने ते गार भिंतीला टेकवलं, आणि त्या दिवसापासून तो जेवायला दुसरीकडे बसायला लागला.

एक अरब गिऱ्हाईक आपल्या व्हिलाचं काम पाहायला आलं आणि त्या दारासमोरच थांबलं. हेच पाहिजे म्हणालं. हे विकायचं नाही, असं खैरुद्दीनने सांगितलं. मग कुणाचं आहे?

"मेरी माँ का," खैरुद्दीन म्हणाला.

माणसाने मान हलवली. हे कारण त्याला पटलं. "खलास," म्हणाला आणि दुसरं बघू लागला.

जमातीला मात्र ते पटण्यासारखं नव्हतं, कारण जमातीला दार आपलं वाटत होतं. स्वतंत्र झालेल्या लोकांचं दार इतकं साधं? एकाने सुचवलं, वर ते नवं शिडाच्या आकाराचं हॉटेल काढा, म्हणजे दुबईचं आहे हे लांबून कळेल. दुसऱ्याने सळ्यांच्या टोकांना भाले सुचवले. अबुधाबीवाल्यांना देणगीदारांची नावं हवी होती, शारजावाल्यांना ती वर्णक्रमाने हवी होती. दार-उपसमिती झाली. ती झाराच्या दोन वाढदिवसांना भरली. तिच्या कागदावरचं दार वाढत वाढत गावच्या मशिदीपेक्षा उंच झालं. खैरुद्दीन सदर म्हणून सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, विचार करू म्हणायचा, आणि वर्कशॉपमध्ये येऊन तयार दारावरची धूळ पुसायचा. हळूहळू त्याला 'विचार करू' म्हणायची सवय लागली. बायकोने आज भाजी कुठली आणायची विचारलं तरी तो तसंच म्हणू लागला.

मग जहूरने तो ठराव आणला. गाव दुबई जमातीला मताचा हक्क देत नाही, तोवर दार पाठवायचं नाही.

"आपल्याकडे दाबायला दुसरं आहे काय?" जहूरने विचारलं. "पैसे थांबवले तर घरच्यांचे हाल. दार थांबवलं तर कुणाचं काय बिघडतं?"

हात वर झाले. इतके की मोजायची गरज पडली नाही. ठराव वाचून दाखवणं सदरचं काम होतं. सदर उभा राहिला. ज्याच्यासाठी त्याने तोंड उघडलं होतं, तेच करायचं नाही असं त्याने स्वतःच्या आवाजात, थांबत थांबत, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. टाळ्या पडल्या. बसताना त्याला वाटलं, आपणच कुठेतरी कच्चे राहिलो आणि तिथेच वाकलो.

घरी येऊन त्याने नूरजहाँला सांगितलं. ती भांडी आवरत होती.

"आणि बकरीला कळवलं का?" तिने विचारलं. "तिला म्हणावं, मताचं काम चाललंय, तोवर जरा खाली उतरून बस."

तो तिच्या हातातलं पातेलं घेऊन पुसायला लागला.

"तुमची अम्मा मताची वाट पाहत बसली नाहीय, अर्शचे अब्बा. ती तुमची वाट पाहत बसलीय."

त्याच्याकडे दत्ताराम नावाचा ड्रायव्हर होता, गुहागरकडचा. वीस वर्षांनी दत्ताराम कायमचा गावी निघाला होता. त्याचं घरसामान खोर फक्कानहून कंटेनरने जायचं होतं: फ्रिज, शिवणयंत्र, तीन पंखे, ब्लँकेटांचे गठ्ठे आणि एक पलंग. जायच्या आदल्या सकाळी खैरुद्दीन पिकअप घेऊन डोंगर ओलांडून खोर फक्कानला गेला. मागे ताडपत्रीखाली दार होतं. सामानाच्या यादीत दत्तारामने पलंग एकचे दोन केले. तपासणाऱ्या माणसाने ताडपत्री उचलली आणि विचारलं, हा कसला पलंग? सळ्या कशाला?

"बच्चों का है," दत्ताराम म्हणाला. "गिरते हैं."

माणसाने दाराच्या उंचीकडे पाहिलं, दत्तारामच्या उंचीकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. कंटेनर उचलला गेला तेव्हा खैरुद्दीन धक्क्यापासून लांब, कुंपणाला धरून उभा होता. समुद्र निळा होता आणि अगदी सपाट. हाच समुद्र पुढे जाऊन कांदळकोंडच्या खाडीत शिरतो, ही गोष्ट त्याला त्या दिवशी नव्यानेच कळल्यासारखी वाटली.

दीड महिन्याने एका सकाळी कांदळकोंडच्या कबरस्तानाबाहेर दार टेकवून ठेवलेलं सापडलं. इसहाकचाचांनी जुम्म्याला मशिदीत जाहीर केलं की दुबई शरण आली. बहिणीच्या जावयाला बोलावून दार बसवून घेतलं. बातमी फोनने दुबईला पोचली, आणि त्या महिन्यात अर्शचे दोन वाढदिवस झाले.

गद्दार कोण, एवढाच प्रश्न होता. चौकशी समिती नेमायचं ठरलं. पण दार किती वजनाचं, किती माणसांनी उचललं, कुठल्या वाटेने गेलं असेल, हे समजणारा माणूस स्वतंत्र जमातीत एकच होता. तेव्हा एकमताने खैरुद्दीनचीच एक-सदस्य समिती झाली. या वेळी तो हॉलमध्ये हजर होता. त्याने तोंड उघडलं होतं, पण टाळ्या आधी पडल्या.

त्याने चौकशी मनापासून केली. अर्धवट काम त्याला जमत नसे. वर्कशॉपमधल्या पोरांना एकेकटं बोलावून विचारलं, दार शेवटचं कुणी पाहिलं. पोरं म्हणाली, सेठ, आपने. ते त्याने प्रामाणिकपणे लिहून घेतलं. पहिल्या अहवालात त्याने म्हटलं की दार जड आहे, त्यामुळे हे काम जाणकाराचं असावं. दुसऱ्या अहवालात म्हटलं की गद्दाराजवळ पिकअप असावी. जहूरने कौतुक केलं, फास आवळत चाललाय म्हणाला, आणि मुदत वाढवून दिली.

"स्वतःला कधी बोलावणार चौकशीला?" नूरजहाँने विचारलं.

"विचार करतोय," खैरुद्दीन म्हणाला.

मे महिन्यात त्याने तिकीट काढलं. जहूरकडूनच काढलं. अहवालासाठी जागेवर जाऊन पाहणं जरूर आहे, असं सांगितल्यावर जहूरने खिडकीची सीट दिली.

पाच वर्षांनी तो कांदळकोंडला उतरला, आणि घरी बॅग टाकून तसाच कबरस्तानाकडे गेला. दार त्याने लांबूनच ओळखलं. लाल हातावर कुणीतरी हिरवा रंग फासला होता, पानांच्या खोबणीत त्याचे थेंब सुकले होते. जवळ गेल्यावर दिसलं की दार उलटं बसवलंय. कडी आतल्या बाजूला गेली होती. म्हणजे कबरस्तान बंद करायचं तर ते आतल्यांनीच करायला हवं होतं. आतल्यांकडून ते होत नसल्यामुळे बाहेरून सायकलची साखळी गुंडाळून मोठं कुलूप घातलं होतं.

दार धड होतं. एक सळी वाकली नव्हती. एकही जनावर आत नव्हतं. खैरुद्दीननेच ते तसं केलं होतं, आणि आता त्यालाही आत जाता येत नव्हतं. गवताखाली उंचवटे दिसत होते. त्यांतला कुठला, ते त्याला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

किल्ली इसहाकचाचांकडे होती. ते पडवीत बसले होते, गुडघ्यांना तेल लावत. त्याला पाहून उठले नाहीत, पण पाट पुढे सरकवला. मग त्यांनी अडचण सांगितली. दुबई जमात फुटल्यावर गावच्या जमातीने ठरवलं होतं की फुटलेल्या माणसाला माफीशिवाय जमातीची कुठलीही वस्तू द्यायची नाही. देग नाही, सतरंजी नाही, बांबू नाही. किल्ली ही जमातीची वस्तू होती.

"पण एवढ्या कुलपाचं काम काय होतं, चाचा?"

"इतकं चांगलं दार, खैरू. पोरं झोके घेतात त्याच्यावर."

खैरुद्दीनने मान खाली घातली. हसू आलं होतं की काय, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "मग माफी मागतो," तो म्हणाला.

इसहाकचाचांचा तेलाचा हात थांबला. तीन वर्षं ते या क्षणासाठी भाषण जुळवत होते. समोरचा नाही म्हणेल, मग आपण म्हणू, मग तो म्हणेल, असं ते भाषण होतं. माफी मागायची कशी, कुणासमोर, हे जमातीने ठरवलंच नव्हतं, कारण कुणी मागेल असं जमातीला वाटलं नव्हतं.

"कशाची माफी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही सांगा."

"स्वतंत्र झाल्याची."

"स्वतंत्र झाल्याची मागतो."

"सगळ्यांतर्फे, की एकट्याची?"

"एकट्याची. सगळ्यांना विचारायचं तर वाढदिवस घ्यावा लागेल."

इसहाकचाचांना हे कळलं नाही. त्यांनी दुसरंच विचारलं. "दार पाठवलं कोणी?"

"मी."

"मग तू तर तेव्हाच परत आलास."

"दार आलं, चाचा. मी अजून बाहेरच उभा आहे."

म्हाताऱ्याने गुडघ्यांवरचं तेल लुंगीला पुसलं, खुंटीवरची छत्री घेतली आणि ते किल्ली शोधायला आत गेले. साक्षीदार हवेत, हे त्यांना अर्ध्या वाटेत आठवलं. माफी जुम्म्याला पुन्हा सगळ्यांसमोर माग, असं त्यांनी चालता चालता सांगितलं. खैरुद्दीन बरं म्हणाला. दुबईला हे शनिवारी कळेल आणि रविवारी आपण सदर नसू, हेही त्याच्या लक्षात आलं, आणि दोन पावलांत तो ते विसरला.

कुलूप काढलं. खैरुद्दीनने एक फळी ढकलली. उलटी बसवलेली असूनही ती आवाज न करता गेली. त्याने कान दिला होता, पण तेवढ्यापुरताच.

"कुठली?"

इसहाकचाचा पुढे झाले. गवतातून पाय ओढत, एकेका उंचवट्याला वळसा घालत, कुणावर पाय पडणार नाही असे. काजूच्या पलीकडे एका ठिकाणी थांबले आणि छत्रीचं टोक खाली केलं. डोक्याशी एक चिरा होता, शेवाळ सुकून काळा पडलेला.

"ही?"

"हीच. मला चुकायची नाही." त्यांनी चिऱ्यावरचं वाळलं पान झटकलं. "कबरीत उतरायला घरचं माणूस लागतं. तू तिकडे. तुझे चुलते मुंबईला. तुझ्या बहिणीचा, खतीजाचा, पोरगा होता, तर तो लहान. मग मीच उतरलो. तिला मीच ठेवली, उजव्या कुशीवर. वर यायला मात्र दोघांनी हात द्यावा लागला."

खैरुद्दीनने त्यांच्याकडे पाहिलं. तीन वर्षं ज्यांच्या निषेधाचे ठराव त्याने वाचले होते, ते हे. "मला फोनवर कधी बोलला नाहीत."

"फोनवर आपण दाराचंच बोललो," इसहाकचाचा म्हणाले.

तो खाली बसला. गवत कोरडं होतं, पायाला टोचत होतं. त्याने हात उचलले आणि फातिहा सुरू केली. मागे इसहाकचाचा एका चिऱ्यावर टेकले, छत्री उघडली. तुझं चालू दे, सावकाश, म्हणाले. पण गप्प राहणं त्यांना जमत नसे.

"मताचं मात्र होणार नाही हां, खैरू."

"नको," खैरुद्दीन म्हणाला, वळून न पाहता. "इथे ऊन फार येतंय, चाचा."

इसहाकचाचांनी छत्री थोडी पुढे धरली.